सभासद-सूची लावताय? मर्जचं बटण दाबण्याआधी हे वाचा

ऑगस्ट लागला की सांगलीतल्या डीटीपीवाल्यांच्या टेबलावर एकाच जातीचा माल येऊन पडतो: पतसंस्थेचा अहवाल, सोसायटीची सभासद-सूची, कुठल्या तरी मंडळाची परिचय पुस्तिका. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, नोटीस १४ दिवस आधी जावी लागते आणि मध्ये गणपती बसतात. त्यामुळे प्रत्येकाला आपलं काम ‘गणपतीच्या आत’ हवं असतं.

माझी पहिली मोठी सूची ७४० नावांची होती. डेटा मर्ज (म्हणजे यादीतली प्रत्येक नोंद पानावर आपोआप मांडणारी सोय) तेव्हा पहिल्यांदाच वापरला. बटण दाबलं, दोन मिनिटांत सव्वाशे पानं तयार! खुशीत खाली जाऊन सगळ्यांना चहा पाजून आलो. मग प्रूफ आलं. नव्वदेक चुका निघाल्या, त्या मी मर्ज झालेल्या पानांवरच एकेक करून दुरुस्त केल्या. चौथ्या दिवशी समितीने ‘राहिलेली’ ३५ नावं आणली, तीही अकारविल्ह्यात मधे मधे बसणारी. पुन्हा मर्ज केलं आणि सगळ्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या. घाईत निम्म्या परत केल्या, निम्म्या राहिल्या. एका हयात गृहस्थांच्या नावामागचं ‘कै.’ मी प्रूफात काढलं होतं, ते छापून परत आलं. ते गृहस्थ स्वतः दुकानात आले. रागावले नाहीत, नुसते बसून राहिले. ते जास्त वाईट होतं.

तेव्हापासून मी कामाचा क्रम बदलला. यंत्राला सोपवता येतं ते सगळं आधी, हाताने करायचं ते सगळं शेवटी, आणि मधल्या टप्प्यावर पानाला हात लावायचा नाही. नव्याने या कामात उतरणाऱ्यांसाठी तोच क्रम खाली मांडतोय.

आधी सॉफ्टवेअरचं. मी इनडिझाइन धरून लिहितोय. आपल्याकडे अजून बऱ्याच दुकानांत पेजमेकर चालतो. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत) त्याला कळत नाही. गंमत म्हणजे डेटा मर्ज त्या ७.० मध्येही होतं. मी वर्षानुवर्षं पेजमेकरवर बसलो आणि तो मेनू एकदाही उघडला नाही. कोरलमधलं प्रिंट मर्ज प्रमाणपत्रं, ओळखपत्रं, पत्त्याची लेबलं यांना उत्तम. शंभर पानांचं पुस्तक त्यात लावायला जाऊ नका. फुकटातलं हवं असेल तर स्क्रायबस आहे. १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात, पण त्यात मर्ज आयतं मिळत नाही, स्क्रायबस जनरेटर नावाची पायथन स्क्रिप्ट वेगळी घ्यावी लागते.

१. कामाला हात घालण्याआधी हे मागून घ्या

- सभासदांची यादी एक्सेलमध्ये. वर्डमधली नको, पीडीएफ तर नकोच.
- प्रत्येक सभासदाचा फोटो, फाइलला सभासद क्रमांकाचं नाव देऊन: ०००१, ०००२. ‘पाटील काका नवीन’ असल्या नावाचे फोटो परत पाठवा.
- भरलेले मूळ फॉर्म किंवा त्यांच्या झेरॉक्स. वाद झाला की हाच पुरावा. फोन नंबर छापायला सभासदाची हरकत नाही, अशी ओळ फॉर्मवर असू द्या.
- प्रूफावर सही करणाऱ्या एकाच माणसाचं नाव. समितीतले अकरा जण अकरा दुरुस्त्या फोनवर सांगतात आणि त्यातल्या दोन एकमेकींच्या उलट असतात.
- पुस्तकाचा आकार, छपाई एकरंगी की चाररंगी, आणि प्रेसवाल्याचा नंबर.

जुना डेटा श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या लेखी ते कुठलं तरी इंग्रजी चिन्ह असतं. ते अकारविल्हे लावता येत नाही, शोधता येत नाही, त्यावर कुठलाच नियम चालत नाही. कन्व्हर्टरने बदललेलं मॅटर डोळ्यांखालून घाला. रफार आणि पहिली वेलांटी हटकून घसरतात.

२. एक्सेल धुऊन काढा

एकूण वेळेतला निम्मा वेळ मी इथे घालवतो. नवशिक्यांना हे डीटीपीचं काम वाटत नाही, म्हणून ते थेट पान लावायला बसतात आणि फसतात.

रकाने सुटे करा. पदवी किंवा उपाधी, आडनाव, नाव, वडील किंवा पतीचं नाव, पत्ता, गाव, तालुका, पिन, फोन, फोटो, प्रत्येकाला आपला रकाना. ‘ॲड. सौ.’ नावाच्या रकान्यात राहिलं तर सगळे वकील अ-च्या गठ्ठ्यात जाऊन बसतात.

आकडे एक्सेलच्या भरवशावर सोडू नका. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन २३३ करतं. दहा आकडी मोबाइल अरुंद रकान्यात ‘९.८२ई+०९’ असा आखडतो. फोन, पिन, सभासद क्रमांक हे रकाने टाइप करायच्या आधीच टेक्स्ट प्रकारचे करून ठेवा. नंतर केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

गावांची नावं एकसारखी करा. माझ्याकडच्या एका यादीत कवठेमहांकाळ चार तऱ्हांनी आलं होतं: जोडून, तोडून, ‘क. महांकाळ’ आणि नुसतंच ‘कवठे’. तालुक्याच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनमधून ठरलेली यादी लावा. आपल्या जिल्ह्यात दहाच तालुके आहेत: मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. यादीतूनच निवडायचं, टाइप करायचं नाही.

एका चौकटीत एंटर मारून दोन ओळी केलेल्या असतील तर त्या काढा. पत्ता लिहिताना लोक ऑल्ट-एंटर मारतात. मर्ज त्या जागी नोंद संपली असं समजतं आणि पुढची सगळी माणसं एक घर सरकतात.

आता खास मराठी सापळे. हे इंग्रजीतल्या कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाहीत.

‘कऱ्हाडकर’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही एकसारखी, पण यंत्राला ती वेगळी आडनावं. क्रमात दोन ठिकाणी जातात, शोधलं तर एकच सापडतं. ‘ॲ’चं तेच: कुणी अख्खं अक्षर टाइप करतं, कुणी अ-वर चंद्र देतं. एक रूप ठरवा आणि फाइंड-रिप्लेसने सगळीकडे तेच करा.

विसर्ग आणि अपूर्णविराम यांची अदलाबदल तर घरोघरी. ‘फोन’पुढे दोन टिंबं हवी असतात आणि टाइप झालेला असतो विसर्ग. डोळ्याला कळत नाही, पण पुढे ‘दोन टिंबांपर्यंत ठळक’ असा नियम लावला की तो तिथे चालत नाही आणि अर्धा तास डोकं खाजवावं लागतं.

३. क्रम लावा, मग डोळ्यांनी बघा

आधी तालुका, मग आडनाव, मग नाव, असा तीन पातळ्यांचा सॉर्ट द्या. सॉर्ट झालं म्हणून पुढे जाऊ नका. आपण मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणतो. युनिकोडमध्ये ती स्वतंत्र अक्षरं नाहीत. क्ष म्हणजे क् अधिक ष. त्यामुळे क्षीरसागर मंडळी बऱ्याचदा क-च्या गठ्ठ्यात सापडतात. समितीला कुठला क्रम हवा ते विचारा. शेवटी हवे असतील तर ‘क्रम’ नावाचा जादा रकाना करून त्यात हाताने आकडे भरा आणि सॉर्ट त्या रकान्यावर द्या. हा हातचा उपाय आहे, पण तो डेटात राहतो, म्हणून पुसला जात नाही.

४. पानाची पूर्वतयारी: कंपोझर, भाषा, फॉन्ट

इनडिझाइनमध्ये मराठी टाइप केलं आणि जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली, की लोक फॉन्ट बदलत बसतात. दोष फॉन्टचा नसतो. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावलेला नसतो. विंडो मेनूत युटिलिटीज, त्यात स्क्रिप्ट्स, त्यात ॲप्लिकेशन हा फोल्डर उघडा; इंडिक प्रेफरन्सेस नावाची स्क्रिप्ट आधीपासून तिथे ठेवलेली आहे. दोनदा क्लिक करा, पुढच्या सगळ्या फायलींना तो कंपोझर आपोआप लागतो. ही स्क्रिप्ट तिथे आहे हे मला कळायला तीन वर्षं लागली. तोवर मी प्रत्येक चौकटीला कंपोझर हाताने लावत होतो.

भाषा मराठी निवडा. नुसत्या स्पेलिंगसाठी नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली असतात, त्यात भाषा मराठी केली की पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो. हिंदी राहिली तर हिंदी वळणाचा ल छापून येतो आणि एखादे निवृत्त गुरुजी बरोबर तेवढंच पकडतात. मजकुरासाठी मला तिरो देवनागरी मराठी आवडतो, बारीक अक्षरात मुक्त चांगला उठतो. दोन्ही फुकट मिळतात. अरुंद कॉलममध्ये दोन्ही कडा जुळवायच्या भानगडीत पडू नका, शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावीकडून सरळ ठेवा.

५. स्टाइल आधी, पान नंतर

नाव, पत्ता, फोन, तालुक्याचं शीर्षक, प्रत्येकाची पॅराग्राफ स्टाइल (फॉन्ट, आकार, अंतर असं सगळं रूप एका नावाखाली साठवलेलं) करा. एवढं बरेच जण करतात. त्या स्टाइलच्या पोटात काय काय आहे ते मात्र कोणी उघडून बघत नाही.

*नेस्टेड स्टाइल.* ‘पहिल्या दोन टिंबांपर्यंत ठळक’ असं स्टाइलमध्येच सांगता येतं. ‘फोन:’, ‘शिक्षण:’, ‘व्यवसाय:’ हे सगळं आपोआप ठळक होतं. ७४० नावांना प्रत्येकी तीन म्हणजे सव्वादोन हजार वेळा माउसने निवडणं वाचलं.

*ग्रेप स्टाइल.* नमुना जुळला की त्याला अक्षरशैली (कॅरेक्टर स्टाइल) लागते. [०-९]+ एवढं लिहिलं की सगळे देवनागरी आकडे वेगळ्या वजनात येतात. फोन नंबर ओळीच्या टोकाला मोडू नये म्हणून त्याला ‘नो ब्रेक’ लावा. ही सोय २००८ पासून आहे आणि आजही दहातल्या नऊ दुकानांत तिला कुणी हात लावलेला नसतो. मर्यादा मात्र ओळखा. इंग्रजीसाठी लिहिलेले ‘शब्दाची सुरुवात’, ‘शब्दाचा शेवट’ असे नमुने देवनागरीत काना-मात्रांपाशी दगा देतात. आकडे, टॅब, दोन टिंबं, कंस अशा ठाम खुणांवरच नियम बांधा.

*नेक्स्ट स्टाइल.* नावानंतर पत्ता, पत्त्यानंतर फोन, आणि फोननंतर पुन्हा नाव, असं चक्र लावा. मग सगळा मजकूर निवडायचा, ‘नाव’ या स्टाइलवर उजवं क्लिक करायचं आणि ‘ही लावून पुढे नेक्स्ट स्टाइल’ हा पर्याय घ्यायचा. एका क्लिकमध्ये शेकडो नोंदी सजतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवतो, कारण त्यांच्या तोंडावरचा भाव बघण्यासारखा असतो. पण एका माणसाचा फोन नसेल, एक ओळ कमी असेल, तर तिथून पुढे नावाला पत्त्याची आणि पत्त्याला फोनची स्टाइल लागत जाते. ओळींची संख्या प्रत्येक नोंदीत सारखी असेल तरच वापरा.

६. आता ठरवा: चौकटीची सूची की वाहती सूची

फोटो नसतील तर डेटा मर्ज वापरू नका. हो, वापरू नका. इनडिझाइनचं मर्ज प्रत्येक नोंदीची सुटी चौकट करतं आणि त्या चौकटी एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकाचा पत्ता दोन ओळी, एकाचा पाच, तरी जागा सारखीच अडते. पान विरळ दिसतं, कागद वाढतो.

त्याऐवजी वर्डमधल्या मेल मर्जचा डिरेक्टरी हा प्रकार घ्या. त्यात सगळ्या नोंदी एकाखाली एक, एकाच फाइलमध्ये सलग येतात. वर्डमध्ये प्रत्येक ओळीला इनडिझाइनमधल्या स्टाइलच्याच नावाची स्टाइल देऊन ठेवा. फाइल इनडिझाइनमध्ये प्लेस केली की नावं जुळतात आणि तुमच्या स्टाइल आपोआप लागतात. एखादी ओळ कमी असली तरी नेक्स्ट स्टाइलसारखा घोळ होत नाही. प्रायमरी टेक्स्ट फ्रेम आणि स्मार्ट टेक्स्ट रिफ्लो चालू ठेवलं तर पानंही लागतील तेवढी आपोआप वाढतात. कीप ऑप्शन्समध्ये नाव पुढच्या दोन ओळींशी बांधून टाका, म्हणजे नाव या पानावर आणि पत्ता त्या पानावर असं होणार नाही.

एक खबरदारी. वर्डचा काळा रंग लाल-हिरवा-निळा असा मिसळलेला येऊ शकतो. तसाच राहिला तर प्रेसवर काळं अक्षर चारही रंगांच्या प्लेटवर फुटतं. सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून काळा सोडून बाकी प्लेट बंद करा. सगळा मजकूर दिसत राहिला तर ठीक, मग काळा बंद करून बाकीच्या चालू करा. कुठे भूत उरलं तर तिथला रंग बदला.

फोटो असतील तर मात्र डेटा मर्जला पर्याय नाही.

७. डेटा मर्ज, सापळ्यांसकट

एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाइल) काढली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. ‘युनिकोड टेक्स्ट’ या प्रकारात सेव्ह करा. इनडिझाइनमध्ये ती निवडताना इम्पोर्ट ऑप्शन्स उघडून टॅब आणि युनिकोड हे दोन्ही तपासा. टॅब घेतल्याने पत्त्यातल्या स्वल्पविरामांची भीतीही जाते.

फोटोच्या रकान्याचं शीर्षक ‘@फोटो’ असं हवं. एक्सेल सुरुवातीचं @ बघून सूत्र समजतं आणि चूक दाखवतं, म्हणून आधी एक ऊर्ध्वचिन्ह (') मारा. फोटो आणि टेक्स्ट फाइल एकाच फोल्डरात ठेवलेत तर नुसतं फाइलचं नाव पुरतं, अख्खा रस्ता लिहावा लागत नाही.

चौकटीची उंची अंदाजाने ठरवू नका. एक्सेलमध्ये लेन सूत्राने पत्त्यांची लांबी काढा, सगळ्यात लांब पत्ता शोधा आणि त्याच माणसाचा प्रिव्ह्यू लावून चौकट आखा. लेन काना-मात्राही मोजतं, त्यामुळे आकडा फुगलेला असतो, पण लांबात लांब कोण याचा अंदाज देतं.

एका पानावर सहा किंवा आठ नोंदी घ्यायच्या तर मूळ फाइल एकाच पानाची ठेवा आणि त्यावर एकच नोंद आखा. बाकीच्या मर्ज स्वतः मांडतं. एका फाइलमध्ये किती पानं करायची याच्या मर्यादेचा एक आकडा आधीपासून घातलेला असतो, तो वाढवा. नाहीतर सूची दोन फायलींत तुटते आणि दुसरी फाइल कुठून आली तेच कळत नाही. ‘मजकूर मावला नाही तर अहवाल’ आणि ‘फोटो सापडला नाही तर सूचना’ या दोन्ही खुणा करा. ‘रिकाम्या रकान्याची ओळ काढा’ हीसुद्धा करा, पण त्या ओळीत ‘फोन:’ असं काही लिहिलेलं असेल, अगदी एक स्पेस जरी असेल, तरी ओळ निघत नाही. उपाय डेटात करायचा: ‘फोन: ’ हे शब्द सूत्राने रकान्यातच जोडा, म्हणजे नंबर नसेल तिथे शब्दही नसतील.

आता मर्जची खरी भिंत. त्याला ‘जर-तर’ कळत नाही. तालुका बदलला की मोठं शीर्षक टाक, नवीन पान घे, असं सांगायची सोयच नाही. यावर मी केलेला उपाय आधी मलाच वेडपट वाटला होता: तालुकानिहाय दहा टेक्स्ट फायली, दहा मर्ज, दहा इनडिझाइन फायली, आणि त्या बुक पॅनेलमध्ये ओळीने जोडायच्या. बुक पॅनेल पानांचे आकडे सलग चालवतं, एका फाइलमधली स्टाइल बाकी नऊंना लावतं, अनुक्रमणिका सगळ्यांची मिळून करतं. पेजमेकरपासूनची ही सोय, पण आपल्याकडे लोक अजून दीडशे पानांची एकच फाइल करतात आणि ती उघडायला लागली की बिडी ओढून येतात.

याचा सगळ्यात मोठा फायदा प्रूफ आल्यावर कळतो. जतमध्ये पाच नावं वाढली? एक्सेलमध्ये भरायची, जतचीच टेक्स्ट फाइल काढायची, जतचंच मर्ज करायचं, जुन्याच नावाने सेव्ह करायचं. बाकी नऊ तालुक्यांना धक्का नाही. दुरुस्ती एकाच अक्षराची असली तरी ती एक्सेलमध्येच करायची, पानावर नाही. माझ्या टेबलावर याची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि त्यावर फक्त ‘कै.’ एवढंच लिहिलंय.

८. सफाईची स्क्रिप्ट

स्क्रिप्ट म्हटलं की पोरं घाबरतात. लिहायची नाहीये, आयती आहे. स्क्रिप्ट्सच्या त्याच पॅनेलमध्ये सँपल्स फोल्डरात फाइंड-चेंज-बाय-लिस्ट नावाची एक स्क्रिप्ट असते. सोबतच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काय शोधायचं आणि काय घालायचं याची यादी लिहायची. ती एका दमात सगळं बदलते. माझ्या यादीत दोन स्पेसची एक, स्वल्पविरामाआधीची स्पेस, विसर्गाचा अपूर्णविराम, आणि इंग्रजी आकड्यांचे मराठी आकडे आहेत. आधी कॉपीवर दोन ओळींची यादी देऊन बघा. ईमेल पत्त्यातले आकडेही ती मराठी करून टाकते, हे मी छापायच्या आदल्या रात्री पाहिलं. ईमेलला वेगळी पॅराग्राफ स्टाइल द्या आणि आकडे बदलणारा नियम बाकीच्या स्टाइलपुरताच ठेवा. प्रत्येक मर्जनंतर ही स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, म्हणून तिच्यावर घेतलेली मेहनत वाया जात नाही.

त्याच फोल्डरात इमेज कॅटलॉग आहे. कार्यकारिणीच्या फोटोंचं पान एका मिनिटात जाळीत बसवते.

९. पानाच्या माथ्यावरची नावं

शब्दकोशात असतात तशी पानाच्या वर पहिलं आणि शेवटचं नाव हवं असेल तर टेक्स्ट व्हेरिएबलमधला रनिंग हेडर घ्या आणि ‘नाव’ ही स्टाइल दाखवा. मजकूर पुढे-मागे सरकला की वरचं नाव आपोआप बदलतं. एकच खोट: व्हेरिएबलचा मजकूर दोन ओळींत मोडत नाही, लांब झाला की अक्षरं एकमेकांवर दाबली जातात. म्हणून संपूर्ण नावाऐवजी फक्त आडनावाला कॅरेक्टर स्टाइल देऊन तेवढंच उचला.

१०. आता हात

समितीची अंतिम सही झाल्यावरच. मर्ज आता पुन्हा होणार नाही हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर ‘ओके’ आला तरी चालेल.

हाताच्या कामात सगळ्यात वेळखाऊ फोटो. फोटोशॉपच्या ॲक्शनने (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवायची कृती) सगळे एका मापात कापता येतात, पण ॲक्शन मधला भाग धरते, चेहरा धरत नाही. फेटा बांधलेल्या माणसांचे फेटे कापले जातात, आणि फेटा कापलेला फोटो छापणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. सगळी पानं छोटी करून एका नजरेत बघा आणि खटकणारे तेवढे सरकवा. दर्जाची फार चिंता नको. चौकट २ बाय २.५ सेंटिमीटरची असेल तर ३०० रेझोल्यूशनला साधारण २३६ बाय २९५ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटोही त्यात बसतो. छपाई एकरंगी असेल तर फोटो मर्जच्या आधीच बॅचमध्ये ग्रेस्केल करून ठेवा, त्याच फाइल-नावांनी.

मग मावला नाही असा मजकूर. प्रीफ्लाइटचा (फाइलमधल्या चुका शोधणारी सोय) खालचा दिवा लाल असेल तर त्यावर क्लिक करत एकेक चौकट गाठा. अक्षर बारीक करण्यापेक्षा पत्त्यातलं ‘मु. पो.’ काढणं बरं.

११. प्रेसला देताना

एक-अष्टमांश डेमी आकाराचा फर्मा (एका कागदावर एकत्र छापून घडी घालायचा गठ्ठा) १६ पानांचा. एकूण पानं १६ च्या पाढ्यात, निदान ८ च्या, बसवा. उरलेल्या जागी जाहिराती किंवा ‘टिपणे’ची कोरी पानं जातात. इनडिझाइनमधलं प्रिंट बुकलेट बघून पानं स्वतःच जोडून द्यायचा मोह होतो. ते मधोमध पिन मारायच्या पातळ पुस्तिकेपुरतं. जाड पुस्तकाला सुटी पानं क्रमाने द्या, तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवा, फर्मे प्रेसवाला लावेल.

आणि पॅकेज करून ठेवा: फायली, फॉन्ट, फोटो, एक्सेल, सफाईची यादी, सगळं एका फोल्डरात. त्याची एक प्रत दुकानाबाहेर हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा माझी हार्ड डिस्क टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. आता एक प्रत विश्रामबागला मेहुण्याकडे असते, तिसऱ्या मजल्यावर.